वय, रनिंग आणि किंमत: भोर-वेल्ह्यातल्या जुन्या एसयूव्हीचा हिशेब

पुणे-सातारा महामार्गावर खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडला की थोड्याच वेळात चेलाडी फाटा येतो. इथून पश्चिमेला वळलं की नसरापूर, आंबवणे, मार्गासनी, विंझर करत रस्ता तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्यात पोचतो. न वळता पुढे गेलं तर कापूरहोळवरून भोर, आणि भोरच्या पुढे निगुडघर, हिर्डोशी, शिरगाव करत वरंधा घाट उतरला की महाड. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणीची धरणं, भाताची खाचरं आणि चार महिने कोसळणारा पाऊस असा हा मुलूख. वेल्हे तालुक्याचं सरकारी नाव आता राजगड झालं आहे, बोलण्यात मात्र अजून वेल्हेच आहे.

या रस्त्यांवर गेल्या दीड दशकात उंच, रुंद, बहुतेक वेळा पांढऱ्या रंगाच्या गाड्या दिसू लागल्या. फॉर्च्युनर सगळ्यांत पुढे. तिच्या मागे एन्डेव्हर, पजेरो स्पोर्ट, रेक्स्टन, आणि अधूनमधून ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीजची एसयूव्ही. लग्नाच्या मांडवापुढे, यात्रेत, बाजार समितीच्या आवारात त्या ओळीने उभ्या दिसतात. यातल्या बऱ्याच गाड्या पुण्या-मुंबईतून दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताने इथवर आलेल्या असतात. दसरा आणि पाडवा आला की या खरेदीला वेग येतो, म्हणूनच हा विषय दिवाळीच्या अंकात.

जुनी मोठी गाडी घेऊ नका, असं सांगायला हा लेख लिहिलेला नाही. डोंगरातल्या घराला दणकट गाडी लागते, आणि ती ऐटदार असावी असं वाटण्यात वावगं काही नाही. पण गाडी घेताना वय, रनिंग आणि किंमत हे तीन आकडे सुटे सुटे पाहिले जातात. तिथेच घात होतो. हे तिन्ही आकडे एकमेकांसमोर उभे करून बघायचे असतात, आणि त्यांच्या पलीकडे चौथा आकडा शोधायचा असतो: ही गाडी पुढची पाच वर्षं सांभाळायला किती लागतील?

पैसा जमिनीचा आहे

या भागात मोठी गाडी बहुतेक वेळा जमिनीच्या पैशातून येते. पानशेतच्या आणि गुंजवणीच्या बाजूला फार्महाऊसचे प्लॉट पडले, महामार्गालगतच्या जमिनींना भाव आला. पुण्याच्या रिंगरोडचा पश्चिम भाग मावळातल्या उर्शापासून भोर तालुक्यातल्या वरव्यापर्यंत येतो, त्याच्या भूसंपादनाचे पैसे खात्यांवर जमा झाले. २०१८ साली आलेल्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने शेजारच्या मुळशी तालुक्यातल्या, जमिनी विकलेल्या शेतकरी घरांची जी गोष्ट महाराष्ट्राला दाखवली, तिची सुरुवात अशाच व्यवहारांतून होते.

जमीन एकदाच विकता येते. खाचर गेलं की त्याबरोबर घरचा इंद्रायणी आणि आंबेमोहर तांदूळही जातो. त्या पैशातून घर, मुलांचं शिक्षण, एखादा धंदा, थोडी ठेव हे सगळं उभं राहायचं असतं. त्यात गाडीचा वाटा किती, हे गाडी बघायला जाण्याआधीच घरात बसून ठरवलं पाहिजे. शोरूममध्ये किंवा डीलरच्या अंगणात उभं राहून ठरवलेला आकडा नेहमी दोन-चार लाखांनी वर सरकतो.

आणि एसयूव्हीच हवी असेल, तर ती जुनी घेणं हा शहाणपणाचा मार्ग आहे. नव्या गाडीची किंमत सुरुवातीच्या वर्षांतच सर्वांत वेगाने उतरते. विम्यासाठी गाडीची किंमत धरण्याचा जो रूढ तक्ता आहे, त्यात सहा महिन्यांच्या आतल्या गाडीला ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दोन वर्षांच्या आत २०, तीनच्या आत ३०, चारच्या आत ४० आणि पाच वर्षांच्या आत ५० टक्के घसारा धरतात. बाजारभाव याच रेषेवर चालत नाही. फॉर्च्युनर यापेक्षा बरीच कमी पडते, जर्मन गाड्या पुष्कळदा जास्त पडतात. पण दिशा हीच.

त्यात कराचीही भर असते. महाराष्ट्रात वीस लाखांवरची डिझेल गाडी वैयक्तिक नावावर घेतली की किमतीच्या १५ टक्के एकरकमी वाहनकर लागतो. म्हणजे चाळीस लाखांच्या गाडीवर सहा लाख. हा कर पहिल्या मालकाने भरलेला असतो. महाराष्ट्रातच पासिंग झालेली गाडी पुन्हा महाराष्ट्रातच घेतली, तर दुसऱ्या मालकाला तो परत भरावा लागत नाही. पहिल्या पाच वर्षांची घसरण आणि कर पहिल्या मालकाने सोसलेला असतो. जुन्या गाडीचा खरा फायदा हा आहे.

भाव ठरवताना नव्या गाडीची आजची किंमत नजरेसमोर हवी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवरचा जीएसटी आणि सेस मिळून ५० टक्क्यांच्या घरात असलेला बोजा ४० टक्क्यांवर आला, आणि नव्या गाड्या लाखांनी उतरल्या. नवी उतरली की जुनीलाही उतरावं लागतं. ‘मागच्या वर्षी एवढ्यालाच गेली होती’ हे विकणाऱ्याचं बोलणं त्यामुळे आता चालणार नाही.

वय कागदावरचं आणि अंगावरचं

आरसी बुकावर दोन तारखा असतात: गाडी कारखान्यात बनली तो महिना आणि तिचं पासिंग झालं तो दिवस. डिसेंबर २०१७ मध्ये बनलेली गाडी मार्च २०१८ ला पासिंग होते आणि विकणारा तिला ‘अठराची’ म्हणतो. किंमत सतराची धरायची.

त्यानंतर पंधरा वर्षांची वेस बघायची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, त्यासाठी पहिल्या वेळी मोटारीला ५,००० रुपये शुल्क आहे, आणि महाराष्ट्रात वर पर्यावरण कर. फॉर्च्युनर भारतात २००९ साली आली. म्हणजे पहिल्या वर्ष-दोन वर्षांच्या गाड्या ही वेस ओलांडून गेल्या आहेत. सात-आठ लाखांत फॉर्च्युनर मिळते म्हणून जीव हरखतो, पण ती आज तेरा वर्षांची असेल तर दोन वर्षांत तिच्यापुढे हा खर्च उभा आहे. बँकाही इतक्या जुन्या गाडीला कर्ज द्यायला नाखूश असतात. म्हणजे उद्या विकायला काढली तर रोखीने घेणाराच शोधावा लागेल.

वयाबरोबर गाडीची पिढी बदलते आणि पिढीबरोबर दुखणी. पहिल्या पिढीतल्या फॉर्च्युनरच्या तीन लिटरच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. तो एक ते दीड लाख किलोमीटरच्या टप्प्यात बदलावाच लागतो, नाहीतर तुटून इंजिनाचाच घास घेतो. बेल्ट बदलल्याची पावती दाखवता येत नसेल, तर तो बदललेला नाही असंच समजून किमतीतून तो खर्च वजा करायचा. नोव्हेंबर २०१६ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या २.८ लिटर डिझेल इंजिनाला बेल्टऐवजी चेन आहे, त्यामुळे ही काळजी मिटते. दोन पिढ्यांच्या भावात फरक पडतो त्यामागे अशीही कारणं आहेत. तो फरक नुसत्या चेहऱ्याचा नाही.

एप्रिल २०२० पासून धुराचा बीएस-सहा हा कडक निकष लागू झाला. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून महामार्गावर एका लयीत पळावी लागते. आठवड्यातून एकदा-दोनदा पुण्याला जाणाऱ्याला याचा त्रास नाही. पण जी गाडी घर, शेत, डेअरी आणि परत घर एवढीच चार-चार किलोमीटर फिरणार, तिचा फिल्टर तुंबतो आणि दिवा लागतो. आपली गाडी रोज कुठे जाणार आहे, हे म्हणून आधी ठरवायचं.

मीटर काय सांगतं, आणि काय सांगत नाही

‘पळाली किती?’ हा या भागातला पहिला प्रश्न. उत्तरात मीटरवरचा आकडा येतो, आणि मीटर मागे फिरवता येतं. म्हणून हा आकडा वयाशी ताडून बघायचा.

भोरहून स्वारगेट साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटर. जाऊन-येऊन एकशे दहा धरले आणि आठवड्यातून दोन फेऱ्या धरल्या, तरी वर्षाला अकरा हजारांच्या वर जातात. गावातलं फिरणं, लग्नकार्य, देवदर्शन वेगळंच. तेव्हा याच भागातल्या आठ वर्षांच्या गाडीवर चाळीस हजार दिसले, तर दोनच शक्यता उरतात: मीटर फिरवलेलं आहे, किंवा गाडी उभी होती.

फिरवलेलं मीटर गाडीच्या अंगावर पकडता येतं. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालं आहे का? स्टिअरिंगच्या वरच्या भागाला चमक आली आहे का? ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, जिथे चढता-उतरता अंग घासतं, ती बसली आहे का? चाळीस हजारांत हे होत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. २०१६ च्या गाडीवर पस्तीस हजार दाखवत असतील आणि टायर मात्र दुसऱ्या जोडाचे असतील, तर पहिला जोड एवढ्या लवकर का गेला, हे विचारलंच पाहिजे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा इतिहास मिळतो. प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर ओळीने लिहिलेले असतात. नव्या गाड्यांत स्कॅनर लावला तर इंजिन किंवा गिअरबॉक्सच्या संगणकात साठलेले किलोमीटरही दिसू शकतात. मीटर फिरवणारा दर वेळी तिथपर्यंत पोचलेला नसतो.

उभी राहिलेली गाडी हे वेल्ह्याच्या बाजूचं खास प्रकरण आहे. फार्महाऊसवर ठेवलेली, महिन्यातून एकदा चालू होणारी गाडी ‘फक्त तीस हजार पळालेली’ म्हणून मोठ्या भावाने विकायला येते. पण उभी गाडीही म्हातारी होते. रबरी पाइप कडक होतात, ब्रेकच्या चकत्यांना गंज धरतो, एका जागी वजन पडून टायर चपटे होतात, बॅटरी मरते. आणि भाताच्या मुलखात उंदीर बॉनेटखाली घर करतात. बॉनेट उघडून टॉर्चच्या उजेडात वायरिंगचा जुडगा शेवटपर्यंत बघायचा. कुरतडलेलं आवरण, काळ्या चिकटपट्टीने केलेले जोड, इन्सुलेशनच्या कापसाचे पुंजके दिसले, तर त्या गाडीत विजेची कामं कधी संपणार नाहीत. नियमित पळालेली, वेळच्या वेळी ऑइल बदललेली सव्वा लाखाची गाडी अशा तीस हजाराच्या गाडीपेक्षा चांगली असू शकते.

बैलबाजारात बैल घेताना कोणी मालकाच्या सांगण्यावर वय धरत नाही. जबडा उघडून दात बघतो, खांदा चाचपतो, चार पावलं चालवून खुरांकडे नजर ठेवतो. ज्या घरात ही नजर पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्या घराने वीस लाखांच्या गाडीला नुसतं पॉलिश बघून हो म्हणू नये.

पाबे घाटात तपासलेली गाडी

डीलरच्या दारातली सपाट रस्त्यावरची दोन किलोमीटरची चक्कर काही सांगत नाही. आपल्याकडे तपासणीला घाट आहेत. पानशेत रस्त्यावरून वेल्ह्याकडे येणारा पाबे घाट चढणीला कडक आहे, वळणं आवळ आहेत. माणसांनी पूर्ण भरलेली गाडी, चालू एसी, आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चढण: या एका परीक्षेत निम्म्या गोष्टी कळतात.

गाडी सकाळी थंड असताना चालू करायची. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर त्याचं कारण विचारायचं. चालू होताना निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळतं. पांढरा धूर थांबतच नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर गॅस्केटचा संशय घ्यायचा. चढावर जोर लावला की काळा लोट येत असेल, तर टर्बो, इंजेक्टर किंवा हवेच्या पाइपची गळती बघायची. चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण काढून बघायचं. तिथून हवेचा जोरात फुगारा येत असेल तर आतल्या रिंगा थकल्या आहेत. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पुढे सरकत नाही, असं झालं तर क्लच गेला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला गिअर बदलताना झटका येत असेल, तर तिथेच थांबायचं, कारण ते काम लाखांत जातं.

उतारावर ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं तर चकत्या वाकड्या झाल्या आहेत. खड्ड्यातून जाताना पुढून ठक्‌ आवाज आला तर बुश, बॉल जॉइंट किंवा शॉकॲब्सॉर्बर. फोर बाय फोर असेल तर ती प्रत्यक्ष टाकून, मातीच्या रस्त्यावर चालवून बघायची. वर्षानुवर्षं न वापरलेला लिव्हर अडकतो. शेतात, पावसाळी चिखलात उतरायचं नसेल, तर फोर बाय टू घेऊन वाचलेले पैसे टायरवर खर्च करणं जास्त शहाणपणाचं.

शेवटी गाडी उचलून खालून बघायची. चेसिसवर नवं वेल्डिंग, एकाच बाजूला ताजा काळा रंग, दाराच्या खांबांना पुटीचा थर, पुढच्या बाजूच्या एका हेडलाइटचा तारखेचा शिक्का दुसऱ्याहून वेगळा: हे सगळं अपघाताचं बोलतं. या कामाला आपल्या ओळखीचा मिस्त्री न्यायचा. त्याला दिवसाची मजुरी द्यायची आणि गाडी जमली नाही तरी द्यायची. त्या हजार-दोन हजारांत लाखांचा धोका टळतो.

पाण्यात बुडालेल्या गाड्या

जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेलं. त्याच पावसात वरंधा घाटाचा रस्ताही खचला. त्याआधी २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला होता. अशा पुरात गाड्या बुडतात, त्यातल्या काही धुऊन-पुसून, सीट कव्हर बदलून पुन्हा बाजारात येतात. महाड आपल्या घाटाच्या पायथ्याशी आहे. म्हणून भोर-वेल्ह्यातल्या माणसाने ही तपासणी कधीच टाळू नये.

सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढायचा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ असेल तर गाडी बुडालेली आहे. स्टेपनीखालची जागा, गालिच्याखालचा फोम, सीटच्या पट्ट्यांचे स्क्रू, फ्यूज बॉक्सच्या पितळी पट्ट्या इथे गंज आणि गाळ शोधायचा. हेडलाइटच्या आत पाण्याच्या वाळलेल्या रेघा बघायच्या. काचा बंद करून गाडी उन्हात तासभर ठेवली की कुबट वास बाहेर येतो. विम्याच्या जुन्या दाव्यांची चौकशीही करायची. बुडालेली गाडी आज चालते, पण तिच्या वायरिंगचा आणि सेन्सरचा भरवसा धरता येत नाही. किंमत कितीही पाडून दिली तरी घेऊ नये.

ऑडी की फॉर्च्युनर?

बारा-पंधरा लाखांत दहा वर्षांची जर्मन एसयूव्ही समोर उभी असते, आणि त्याच पैशात तेवढीच जुनी फॉर्च्युनर. जर्मन गाडी आतून जास्त सुखाची, वेगाला जास्त घट्ट. मर्सिडीज तर आपल्याच जिल्ह्यात, चाकणला जुळवली जाते. ऑडीची जुळणी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला होत आली आहे. पण कारखाना जवळ असला म्हणून सुटा भाग स्वस्त होत नाही.

यातल्या काही मॉडेलना एअर सस्पेन्शन असतं. खड्ड्यांच्या रस्त्यावर त्याचा एक फुगा गेला की चाकाचा कोपरा बसतो आणि एका चाकाचं काम लाखाच्या घरात जाऊ शकतं. बीएमडब्ल्यूच्या पुष्कळ गाड्यांना रनफ्लॅट टायर असतात आणि स्टेपनी नसते. टायर फाटला की हवा नसतानाही थोडं अंतर हळू जाता येतं, पण वेल्ह्यातल्या केळदसारख्या ठिकाणी तो टायर गावात मिळणार नाही. पुण्यातून मागवावा लागेल. पावसाळ्याच्या रात्री घरातलं आजारी माणूस पुण्याला न्यायचं असेल, तर ही अडचण मोठी आहे.

दुसरी बाजू कंपनी टिकण्याची. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. एन्डेव्हर दणकट गाडी आहे, आणि कंपनी गेल्यामुळे तिचा भाव पडला म्हणून ती मोहात पाडते. सर्व्हिस आणि सुटे भाग मिळत राहिले, पण आठ वर्षांनी मिळतील का, हा प्रश्न किमतीत धरायलाच हवा. महिंद्राची अल्टुरास, मित्सुबिशीची पजेरो स्पोर्ट यांचं गणितही तसंच. फॉर्च्युनरची किंमत टिकते, कारण तिचं काम करणारे हात आणि तिचे भाग सगळीकडे मिळतात. म्हणूनच तिच्यात सौदा करायला जागा कमी असते, आणि मीटर फिरवण्याचा मोहही तिच्यात जास्त असतो.

तीन गाड्या, एक वही

एक उदाहरण वहीत मांडून बघू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. वाचकाने आपल्या गाडीचे घालावेत. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर, पाच वर्षं, म्हणजे ७५,००० किलोमीटर.

पहिली गाडी २०१३ ची फॉर्च्युनर, १,९०,००० पळालेली, किंमत नऊ लाख. पाच वर्षांनी चार लाखांना जाईल, म्हणजे पाच लाखांची घसरण. दुरुस्ती आणि टायर मिळून साडेचार लाख धरू. एकूण साडेनऊ लाख. किलोमीटरला साधारण पावणेतेरा रुपये.

दुसरी २०१८ ची फॉर्च्युनर, १,१०,००० पळालेली, किंमत एकवीस लाख. पाच वर्षांनी बारा लाख येतील, म्हणजे नऊ लाखांची घसरण. दुरुस्ती तीन लाख. एकूण बारा लाख. किलोमीटरला सोळा रुपये.

तिसरी २०१६ ची जर्मन एसयूव्ही, ६५,००० पळालेली, किंमत पंधरा लाख. पाच वर्षांनी पाच लाख आले तरी नशीब, म्हणजे दहा लाखांची घसरण. दुरुस्ती सात लाख. एकूण सतरा लाख. किलोमीटरला पावणेतेवीस रुपये.

डिझेल तिघींनाही भरावं लागेल. ॲव्हरेज अकराचं आणि डिझेल नव्वद रुपये धरलं तर किलोमीटरला आणखी आठ रुपये. विमा वेगळा.

बघा काय झालं. खरेदीच्या दिवशी दुसरी गाडी तिसरीपेक्षा सहा लाखांनी महाग होती. पाच वर्षांनी तिसरीच पाच लाखांनी महाग पडली. रनिंग सर्वांत कमी तिचंच होतं. पहिली गाडी हिशेबात सर्वांत स्वस्त, पण पाच वर्षांनी तिच्यावर दोन लाख पासष्ट हजार किलोमीटर असतील आणि पंधरा वर्षांची वेस मागे पडलेली असेल. घरात एखादा मिस्त्रीकाम जाणणारा असेल, घरी दुसरी गाडी असेल, तर पहिली चालेल. एकच गाडी आहे, तिच्यावरच दवाखाना, मुलांची परीक्षा, धंद्याचे दौरे, तर दुसरी. तिसरी त्याने घ्यावी ज्याला वर्षाला दीड-दोन लाखांची दुरुस्ती महिन्याच्या खर्चात जाणवत नाही.

गाडी नावावर झाली तरच आपली

या भागात नोटरीच्या कागदावर गाडी घेऊन वर्षानुवर्षं फिरवण्याची पद्धत आहे. ती दोन्ही बाजूंना घातक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला हस्तांतर कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की अपघाताच्या भरपाईला नोंदीवरचा मालकच जबाबदार, गाडी हातोहात चार जणांना विकली गेलेली असली तरी. आपण विकलेल्या गाडीने कोणाचा जीव गेला, तर आपल्याच उरलेल्या जमिनीवर बोजा येऊ शकतो, हे विकणाऱ्याने लक्षात ठेवावं.

तारीख न घातलेल्या सह्यांचे कोरे फॉर्म डीलरला देऊ नयेत. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना परिवहन खात्याचं अधिकारपत्र घेण्याचा नियम लागू आहे. गाडी अशा डीलरच्या ताब्यात दिल्याची रीतसर नोंद झाली की जबाबदारी त्याच्याकडे जाते. ते अधिकारपत्र बघायला मागावं.

घेणाऱ्याने परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बोजा, थकीत ई-चलन, विमा, फिटनेस आणि मालकाचा क्रमांक बघावा. फायनान्स असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. चेसिसवर कोरलेला नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी जुळवावा. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसली आहे का, तेही बघावं. विम्याचा नो क्लेम बोनस विकणाऱ्याबरोबर जातो, तो गाडीबरोबर येत नाही. पॉलिसी लगेच आपल्या नावावर करून घ्यावी.

दिल्लीची स्वस्त गाडी हे वेगळं आमिष. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर तिथे २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि तिथल्या जुन्या एसयूव्ही इतर राज्यांत स्वस्तात येऊ लागल्या. पण बाहेरच्या राज्यातली गाडी बारा महिन्यांवर इथे ठेवायची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, पुण्यात संगम पुलाजवळच्या आरटीओत नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा वाहनकर हे सगळं लागतं. दोन लाख वाचले असं वाटत असताना ते कर आणि एजंटांच्या फेऱ्यांत निघून जातात.

गाडी घेताना भावात कमी-जास्त होणारच. पण विसार देण्याआधी वहीच्या एका पानावर चार ओळी लिहून काढाव्यात: खरं वय, पुराव्याने सिद्ध झालेलं रनिंग, आजची किंमत, आणि पाच वर्षं सांभाळायचा खर्च. चौथी ओळ जमिनीच्या पैशाच्या व्याजातून किंवा धंद्याच्या नफ्यातून भागत असेल, तर गाडी खुशाल घ्यावी आणि मानाने वापरावी. ती भागवायला मुदतठेव मोडावी लागणार असेल, तर कितीही स्वस्त असली तरी ती गाडी आपल्याला महाग आहे. तिच्याखालची गाडी बघावी आणि मूळ रक्कम राखावी. जमीन गेलेल्या घरात पुढच्या पिढीसाठी तीच उरलेली असते.